चढावर दम सोडणारी जुनी पिकअप: पार्ट बदलण्याआधी काय तपासायचं

आमची पिकअप २०१४ ची. डिझेल, कॉमन रेल (मोठ्या दाबाचं डिझेल एका सामाईक नळीतून सगळ्या सिलिंडरना जातं), टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा). दादा आणि मी आलटून पालटून चालवतो. रात्री वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधून माल भरायचा, महापे, शीळफाटा, मुंब्रा बायपास करत माजिवड्याला यायचं आणि उजाडायच्या आत घोडबंदर रोडच्या दुकानांना माल टाकायचा. गेल्या पावसाळ्यात गाडीनं एक खोड धरली. रिकामी असली की मस्त पळायची. भरलेली असली तरी शीळफाट्यापर्यंत कुरकुर नाही. मुंब्रा बायपासच्या चढाला लागली की तिसऱ्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून पहिला. पाय पूर्ण दाबलेला आणि गाडी ओढतच नाही. मागून कंटेनरवाले हॉर्न मारतायत. कडेला घेऊन बंद केली आणि दहा मिनिटांनी सेल्फ मारला, की काही झालंच नाही अशी चढून जायची.

तीन महिने हे चाललं. तेवढ्यात एअर फिल्टर बदलला, डिझेल फिल्टर दोनदा बदलला, नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारतात ते, काढून टेस्टिंगला दिले. एका गॅरेजमध्ये टर्बो गेलाय म्हणून सांगितलं, तेव्हा रिकंडिशन टर्बोचा भावही काढून झाला होता. प्रत्येक कामानंतर गाडी दोन-चार दिवस बरी चालायची, त्यामुळे दर वेळी वाटायचं की सापडलं. ती का बरी चालायची हे कळायला फार वेळ लागला. ते पुढे सांगतो, कारण ज्यांची गाडी अशीच मधूनमधून त्रास देते त्यांनी ते लक्षात घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आधी वही

शेवटी तुर्भ्याला एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. म्हणाले, "भाऊ, किती वेळ चालल्यावर दम सोडते? बंद करून लगेच सेल्फ मारला तर बरी होते, का थांबावं लागतं? धूर कसला मारते?"

आम्हाला एकाचंही धड उत्तर देता येईना. दादा म्हणाला लगेच होते, मी म्हणालो थांबावं लागतं. मिस्त्री म्हणाले, "आठ दिवस लिहून आणा. मग हात लावतो."

दादाच्या भाड्याच्या वहीत मागून पानं घेतली आणि लिहायला लागलो. किती गोण्या, निघाल्याची वेळ, कुठं दम सोडला, गिअर कितवा, आरपीएमचा काटा कुठं होता, टाकीत डिझेल किती, धूर कसला, किती थांबल्यावर बरी झाली. रात्री आरशात काळा धूर दिसत नाही, म्हणून दोन दिवस धाकटा चुलतभाऊ बाइकवरून मागे आला. हेडलाइटच्या उजेडात धूर लगेच कळतो.

आठ दिवसांत पाच वेळा झालं. पाचही वेळा निघून पंचवीस ते पस्तीस मिनिटं झाली होती. पाचही वेळा धूर नाही. लगेच सेल्फ मारला तर गाडी तशीच मेलेली, सात-आठ मिनिटं थांबलं की ठीक. आणि टाकीत डिझेल पावच्या खाली असेल तर दहा मिनिटं आधीच सुरू.

एवढ्यावरून मिस्त्रींनी अर्धी यादी खोडली. त्यांचा हिशोब असा. चावी बंद करून लगेच चालू केल्यावर गाडी बरी होत असेल, तर बहुतेक वेळा इंजिनच्या कंप्युटरला एखाद्या सेन्सरचं चुकीचं रीडिंग मिळालेलं असतं आणि तोच ताकद दाबून धरतो. चावी फिरवली की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. मिनिटं मोजून थांबावं लागत असेल, तर काहीतरी अडकतंय आणि थांबल्यावर मोकळं होतंय, किंवा तापतंय आणि थंड होतंय. सकाळी पहिल्या मिनिटापासून रोज दम नसेल, तर हवेची वाट, क्लच, नाहीतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती घट्ट दाबली जाते ते. आणि विशिष्ट आरपीएमच्या वरच दम जात असेल, तर टर्बोच्या हवेकडे बघा.

धुराचंही तसंच. काळा धूर म्हणजे डिझेल येतंय, पण त्याला पुरेल एवढी हवा नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला, तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय. त्याला गोडसर वास असेल तर कूलंट आत जातंय, मग चढ वगैरे सोडा, गाडी उभी करा. धूरही नाही आणि दमही नाही, तेव्हा डिझेलच कमी पोहोचतंय, किंवा कंप्युटर मुद्दाम कमी देतोय. आमची गाडी यातली होती.

इंजिनच्या बाहेरचं पाच मिनिटांत बघून घ्या

हे सोपं आहे म्हणून राहून जातं. सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये कमी वेगात असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढला आणि गाडीचा वेग तिथंच राहिला, तर क्लच प्लेट सरकतेय. थोड्या वेळात जळका वासही येतो. वीसेक मिनिटं चालवून गाडी थांबवा आणि चारही चाकांच्या ड्रमवर, डिस्कवर पाण्याचे दोन-दोन थेंब टाका. एकाच चाकावर चर्रकन उडून गेले, तर तिथला ब्रेक धरून बसलाय. हात लावू नका, भाजेल. आणि पेडलखालची मॅट बघा. पावसाळ्यात चिखल नको म्हणून दुहेरी मॅट टाकतात, आणि मग पेडल तळापर्यंत जातच नाही. केबलवाला जुना पंप असेल तर एकानं आत पेडल दाबायचं, दुसऱ्यानं पंपाचा लिव्हर शेवटच्या स्टॉपला टेकतो का ते बघायचं. केबल ताणली गेली असेल तर बोटभर अंतर राहतं आणि तेवढाच दम कमी होतो.

डिझेलची वाट

आमचा बिघाड इथं होता, म्हणून इथं जरा थांबतो.

पहिली तपासणी फुकटची. दम सोडल्यावर गाडी कडेला घ्या, आणि थांबल्या थांबल्या डिझेलच्या टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा लांब सुस्कारा आला आणि त्यानंतर गाडी लगेच ठीक चालली, तर टाकीला श्वास घ्यायची वाट बुजलीय. डिझेल बाहेर जातं, त्या जागी हवा आत येत नाही, टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला डिझेल ओढवत नाही. आमच्या टाकीनं असा आवाज केला नाही.

दुसरी तपासणी डिझेल फिल्टरच्या तळाची. तिथं पाणी सोडायचा स्क्रू असतो. इंजिन बंद ठेवून पारदर्शक बाटली खाली धरा, अर्धा पेला डिझेल सोडा आणि बाटली दहा मिनिटं हलवू नका. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला बसतं. आमच्या बाटलीत तळाला बोटभर पाणी होतं. पाणी आणि डिझेल जिथं भेटत होतं तिथं चहावर साय धरते तशी एक तपकिरी काळपट पट्टी होती. मिस्त्रींनी बाटली बल्बसमोर धरली, तिरकी केली, तशी ती पट्टी तुकडे न होता एकसंध सरकली. म्हणाले, "ही घाण फिल्टरात तयार झालेली नाही. टाकीतून आलीय."

ती घाण म्हणजे सूक्ष्म जिवांचा थर. टाकीच्या तळाशी पाणी साठलं, की पाणी आणि डिझेलच्या सीमेवर ते वाढतात, डिझेलवर जगतात. पाणी येतं झाकणाच्या फाटक्या रबरातून आणि अर्ध्या रिकाम्या टाकीतल्या दमट हवेतून. आमची गाडी वाशीला उघड्यावर उभी असते आणि झाकणाच्या रबराला दोन ठिकाणी तडा होता.

तरी मिस्त्रींनी टाकी लगेच उतरवली नाही. आधी खात्री करायची म्हणाले, आणि कॅन लावला. ही तपासणी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण एका फेरीत अर्धी गाडी निर्दोष ठरते. दहा लिटरचा स्वच्छ कॅन, त्यात पंपावरचं ताजं डिझेल. टाकीकडून फिल्टरला येणारा पाइप काढला आणि त्या जागी कॅनमधून पारदर्शक पाइप जोडला. इंजिनकडून परत येणारा रिटर्नचा पाइपही कॅनमध्येच सोडला. हे विसरू नका. कॉमन रेलमध्ये बरंच डिझेल परत येतं. ते टाकीत गेलं तर कॅन बघता बघता रिकामा होतो आणि पंप कोरडा चालतो. कॅन टाकीच्याच उंचीवर, चॅसिसला घट्ट बांधला. हौद्यात उंचावर ठेवला असता तर डिझेल आपोआप खाली उतरलं असतं आणि कमजोर पंपसुद्धा चांगला वाटला असता. सायलेन्सरपासून लांब, आणि केबिनमध्ये तर कधीच नाही.

मग नेहमीचा माल भरला. कांद्याच्या २४ गोण्या, म्हणजे साधारण बाराशे किलो. महाप्याचा चढ, शीळफाटा, बायपास. वळून पुन्हा बायपास. चाळीस मिनिटं झाली, गाडी तिसऱ्यावर चढत राहिली. पारदर्शक पाइपमधून डिझेल अखंड जात होतं, बुडबुडा नाही. म्हणजे फिल्टरपासून पुढे पंप, नोझल, टर्बो, सगळं काम करत होतं. दोष फिल्टरच्या मागे, पाइपात किंवा टाकीत.

त्या पाइपात बुडबुडे दिसले असते तर शोध वेगळीकडे गेला असता. टाकीत इलेक्ट्रिक पंप नसलेल्या गाड्यांमध्ये इंजिनवरचा पंप डिझेल ओढून घेतो. अशा सक्शनच्या पाइपला तडा गेला तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. खाली काही ओलं दिसत नाही म्हणून गळती नाही असं समजू नका. जुन्या रबराचे सांधे, वॉशर, फिल्टरवरचा हातपंप, यांतून गाडी हवा घेते.

टाकी उतरवली. आत डिझेल ओढणाऱ्या पाइपच्या टोकाला अंगठ्याएवढी जाळी असते. तिच्यावर काळा, बुळबुळीत थर होता, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या तळाला धरतो तसा. बोटानं ओढला तर सालीसारखा निघाला. गाडी लोडवर चालली की ओढ वाढते, तळाची घाण हळूहळू जाळीवर येऊन चिकटते, पंचवीस-तीस मिनिटांत जाळी बुजते. इंजिन बंद केलं की ओढ थांबते, घाण सुटून खाली बसते. टाकी पावच्या खाली असली की घाण आणि जाळी एकमेकांच्या आणखी जवळ. वहीतला आकडा न् आकडा जागेवर बसला.

आणि प्रत्येक रिपेअरनंतर गाडी दोन-चार दिवस बरी का चालायची, तेही तिथंच कळलं. नोझल काढा नाहीतर फिल्टर बदला, गाडी दीड-दोन दिवस गॅरेजमध्ये स्वस्थ उभी असायची. घाण तळाला घट्ट बसायची. गॅरेजमधून बाहेर पडल्यावर टाकी फुल करायची आमची सवय. तो गुण आम्ही नव्या पार्टला देत होतो.

टाकी पाण्यानं धुऊ नका. डिझेलनंच खळबळून काढा, पूर्ण निथळू द्या. टाकीला चीर असेल आणि कुणी तसंच वेल्डिंग करतो म्हणालं तर करू देऊ नका, आतल्या वाफेचा स्फोट होतो. आणि एक वाईट सवय सांगतो. काही जण जाळी परत बसवतच नाहीत, "आता कधी चोक होणार नाही" म्हणतात. मग तीच घाण थेट फिल्टरमध्ये जाते आणि आठवड्यात फिल्टर बुजतो. आम्ही जाळी नवी घातली, झाकणाचं रबर बदललं, नवा फिल्टर घातला, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तळाचं डिझेल सोडून बघितलं. थोडी घाण निघाली. पुढच्या पंधरा दिवसांनी स्वच्छ.

तीन आठवड्यांनी पुन्हा, पण वेगळं

पुन्हा चढावर ओढेना. दादा हताश झाला, टाकी परत उतरवू म्हणाला. वही उघडली. या वेळी निघाल्यावर दहाव्या मिनिटालाच झालं होतं. थांबून काही फरक नव्हता. अठराशे आरपीएमपर्यंत ठीक, त्यावर दाबलं की काळा धूर. डिझेल येत होतं, हवा कमी होती. तोच तक्रारीचा शब्द, "दम नाही", पण आजार दुसरा. पहिला बिघाड असेपर्यंत इंजिनला पूर्ण डिझेल मिळतच नव्हतं, टर्बोवर पूर्ण दाब यायचा नाही, म्हणून हा दुसरा झाकलेला राहिला होता असं मिस्त्रींचं मत. मला ते पटतं.

एअर फिल्टर काढून बल्बसमोर धरला. घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाची धूळ एवढी होती की आम्ही तो महिन्याला झटकतोच. उजेड येत होता. कागदी फिल्टर पाण्यानं धुऊ नका, आणि पाण्यातून गाडी काढली असेल तर ओला झालाय का ते बघा. ओला कागद चिकटून बसतो. फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा रबरी पाइप जुना झाला की मऊ पडतो आणि रेस दिली की आतल्या आत चपटतो. इंजिन चालू ठेवून एकानं रेस द्यायची, दुसऱ्यानं पंख्यापासून हात लांब ठेवून नुसतं बघायचं.

मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचा (टर्बोची गरम हवा तिथं थंड होते) आणि तिथून इंजिनकडे जाणारा होज, म्हणजे जाड रबरी पाइप. काच खाली घेऊन चढ चढलो तर डाव्या बाजूनं फुस्स असा आवाज येत होता, पाय काढला की बंद. वरून होज धडधाकट दिसत होता. इंजिन बंद करून, थंड झाल्यावर खालून हात फिरवला तर क्लिपजवळ धूळ तेलकट होऊन काळा पट्टा झाला होता. होज दोन्ही हातांनी वाकवला तेव्हा तडा उघडला, करंगळीच्या नखाएवढा. आयडलला, म्हणजे पेडल न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, दाब नसतो, तडा मिटलेला असतो. टर्बोनं हवा दाबली की उघडतो. नवा होज आणि दोन क्लिपा, अर्ध्या तासाचं काम. ज्या टर्बोचा भाव आम्ही काढत होतो तो आजही गाडीवर आहे. टर्बोबद्दल शंका असेलच तर थंड इंजिनवर इनलेट काढून शाफ्ट बोटांनी हलवून बघा. आडवा किंचित हलला तर चालतं. पुढे-मागे जाणवण्याइतका सरकला, किंवा पंख्याची पाती घराला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर मात्र गेला.

होज ठीक असूनही काळा धूर असेल, तर ईजीआर व्हॉल्व्ह काजळीनं उघडा अडकलाय का ते बघा. जळलेली हवा परत इंजिनमध्ये गेली की ताज्या हवेला जागा उरत नाही. आणि सायलेन्सर, त्याच्या आधीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बुजलेला असू शकतो. त्याची खूण म्हणजे इंजिन वर चढतच नाही, कुणीतरी धरून ठेवल्यासारखं.

स्कॅनर आणि एक कळकळीची सूचना

गाडीच्या कंप्युटरमधले बिघाडाचे कोड स्कॅनरनं वाचता येतात. आमच्या गाडीत पहिल्या वेळी स्कॅनरवर पी ००८७ आला होता, म्हणजे रेलमध्ये दाब कमी. त्यावरून एकानं सेन्सर बदलायला सांगितलं, दुसऱ्यानं हाय प्रेशर पंप. होजच्या वेळी पी ०२९९, म्हणजे टर्बोचा दाब कमी. दोन्ही कोड खरे होते. पण कोड काय कमी पडलं ते सांगतो, कशामुळे ते सांगत नाही. त्यापेक्षा चालत्या गाडीचं लाइव्ह रीडिंग बघायला सांगा, चढावर, माल भरून. कंप्युटरनं मागितलेला रेलचा दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब शेजारी शेजारी ठेवा. आयडलला दोन्ही साधारण अडीचशे-तीनशे बारच्या घरात जवळजवळ चालतात. लोडवर मागणी हजाराच्या वर जाते आणि मिळणारा दाब मागे पडू लागला, तर डिझेलची वाट तपासा. टर्बोच्या हवेचा सेन्सर चावी चालू, इंजिन बंद असताना आपल्या खाडीकाठच्या भागात १०० किलोपास्कलच्या आसपास दाखवायला हवा. तिथंच भलतं दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर आधी बघा. जुन्या गाडीत वायर चॅसिसला घासून सोललेली असते, ते स्कॅनरला दिसत नाही.

आता सूचना. जुन्या पंपाच्या इंजिनात कोणता सिलिंडर मिसिंग करतो हे बघायला चालू इंजिनवर नोझलचा एकेक नट सैल करतात. कॉमन रेलवर हे कधीही करू नका, कुणाला करू देऊ नका. तिथं हजार बारच्या वरच्या दाबाची धार सुटू शकते, ती कातडी फोडून डिझेल आत घुसवते आणि बोट, हात कापायची वेळ येते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं. असं झालं तर दुखत नसलं तरी तडक हॉस्पिटलला जा आणि दाबाचं डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

हे सगळं ठीक निघालं तरच

डिझेल अखंड येतंय, हवा पूर्ण मिळतेय, क्लच-ब्रेक मोकळे आहेत आणि तरी गाडी सकाळपासूनच थकलेली असेल, तर इंजिन झिजलंय का ते बघायचं. गरम इंजिन आयडलला ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा आणि तिथंच उलटं ठेवा. थोडी वाफ प्रत्येक जुन्या इंजिनला असते. झाकण उडायला लागलं, धुराचे धपके बाहेर आले, तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरवर शंका. मग चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या आणि आकडे कागदावर लिहून मागा. चारही सारखेच थोडे कमी असतील तर गाडी अजून बरीच चालते. एकच खूप खाली असेल तर हेड, व्हॉल्व्ह किंवा त्या सिलिंडरच्या रिंगा. हे मोजल्याशिवाय इंजिन खोलायला होकार देऊ नका.

आमच्या मिस्त्रींनी झाकण उलटं ठेवून बघितलं होतं. ते जागचं हललं नाही. काल पहाटे २४ गोण्या घेऊन बायपास तिसऱ्यावर चढलो, आणि दादानं वहीत फक्त वेळ लिहिली.